राष्ट्राध्यक्ष बदलले, शेजार तोच

भारतीय सैनिकांना परत पाठवण्याचे आश्वासन देऊन मोहम्मद मुइझ्झू २०२३ मध्ये मालदीवचे राष्ट्राध्यक्ष झाले. पहिला अधिकृत दौरा त्यांनी तुर्कस्तानचा केला, मग चीनचा. मे २०२४ पर्यंत आपले सैनिक परतलेही.

पण परकीय चलनाची चणचण भासताच ऑक्टोबरमध्ये तेच मुइझ्झू दिल्लीत आले. भारताने ४० कोटी डॉलर व ३,००० कोटी रुपयांच्या चलन अदलाबदलीची सोय करून दिली.

२०१४ मध्ये मालेतील नळ कोरडे पडले तेव्हाही भारताने विमानांनी पाणी पोहोचवले होते. घोषणांवर निवडणूक जिंकता येते, संसार चालवता येत नाही. भारतानेही राग न धरता मदत केली, हे योग्यच झाले. सत्ताधारी येतात-जातात, शेजारी मात्र कायमचे असतात.