रायफलचे सुटे भाग आणि दाराच्या दोन बाजू

अमेरिकेत एआर-१५ ही रायफल बरेच लोक जुळवून घेतात. आपल्याकडे पूर्वी सायकल जुळवून घेत, फ्रेम एका कंपनीची, चाकं दुसऱ्या कंपनीची, सीट आपल्या पसंतीची, अगदी तसंच. युजीन स्टोनर या इंजिनिअरनं १९५०च्या दशकात आर्मालाइट कंपनीत असताना हे डिझाइन केलं. नावातलं ‘एआर’ त्या कंपनीचं आहे, ‘असॉल्ट रायफल’चं नव्हे. पुढं कोल्ट कंपनीनं हक्क विकत घेतले. लष्करासाठी त्यातून एम-१६ आली आणि नागरिकांसाठी चाप एकदा दाबला की एकच गोळी सुटेल अशी आवृत्ती. पेटंटची मुदत संपल्यावर अनेक कंपन्या हेच हत्यार आणि त्याचे भाग बनवू लागल्या. गंमत म्हणजे तिथल्या कायद्याच्या नजरेत ‘बंदूक’ म्हणजे यातला एकच भाग, नंबर कोरलेला खालचा सांगाडा. दुकानातून तो घेताना गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासली जाते. बाकी नळी, बोल्ट, दस्ता, दुर्बीण हे सगळं बहुतेक राज्यांत कुरिअरनं घरी येतं.

अशा भागांची एक यादी मला गेल्या महिन्यात माझ्या खालाच्या मुलानं टेक्सासहून पाठवली. घर मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातलं, तिकडं जाऊन पंधरा वर्षं झाली, दोन मुलं शाळेत. यादीबरोबर एकच प्रश्न होता, “भाई, तुम्हाला काय वाटतं?” त्याला नळीबद्दल माझं मत नको होतं हे उघड आहे. मी आयुष्यात एअरगनच्या फुग्यांपलीकडं काही मारलेलं नाही. त्याला विचारायचं होतं ते वेगळंच, आणि तसं विचारणारा तो एकटा नाही. म्हणून इथं लिहितोय.

आधी त्या यादीशी प्रामाणिक राहू. इथं बसून ‘अमेरिकन वेडेपणा’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण यादी करणारा माणूस विचार करून करतो. नळी सोळा इंचांची, कारण त्याहून आखूड नळीची रायफल १९३४च्या कायद्यानुसार सरकारदरबारी नोंदवावी लागते. पण घरातल्या अरुंद बोळात वळताना सोळा इंचही लांबच पडतात, म्हणून दस्ता मागंपुढं सरकणारा. गोळी कोणती यावर तर रात्री जागवल्या जातात. तिथल्या घरांच्या आतल्या भिंती विटांच्या नसतात. लाकडी चौकटीला दोन्ही बाजूंनी जिप्समचे पत्रे ठोकलेले असतात. माणसाला थांबवू शकणारी कुठलीही गोळी त्या पत्र्यांतून पलीकडं जाऊ शकते, आणि पलीकडं मुलांची खोली असते. म्हणून हलकी, लवकर फुटणारी गोळी निवडतात. त्यानं धोका कमी होतो, संपत नाही. बंद खोलीत ही रायफल झाडली तर आवाज कानाचं कायमचं नुकसान करण्याइतका मोठा असतो, त्याचाही विचार यादीत होता. नळीला जोडायचा टॉर्च होता, खांद्याला पट्टा होता.

मला विचाराल तर या सगळ्यांत शहाणा भाग तो टॉर्च. समोर कोण आहे हे आधी बघा, एवढंच तो सांगतो. चोर आहे, की पाणी प्यायला उठलेला मुलगा आहे, की रात्रीच्या फ्लाइटनं न सांगता आलेला मेव्हणा.

भीती खोटी आहे का? अजिबात नाही. १० फेब्रुवारी २०१५ रोजी नॉर्थ कॅरोलिनातल्या चॅपेल हिल गावी तीन मुस्लिम तरुण-तरुणींना त्यांच्याच घरात शेजाऱ्यानं गोळ्या घातल्या. नवं लग्न झालेलं जोडपं आणि मुलीची धाकटी बहीण. पार्किंगचा वाद होता असं सुरुवातीला सांगितलं गेलं. शेजाऱ्याकडं डझनाहून जास्त बंदुका निघाल्या. २०१९ मध्ये त्यानं गुन्हा कबूल केला आणि त्याला तीन जन्मठेपा झाल्या. त्याच वर्षी १५ मार्चला न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत जुम्याच्या वेळी हल्ला झाला आणि ५१ जण गेले. तिथंही सुट्या भागांचा संबंध आला होता. साध्या परवान्यावर मिळणाऱ्या अर्धस्वयंचलित रायफलींना मोठी मॅगझिनं जोडली गेली होती, आणि ती मॅगझिनं विकत घ्यायला परवाना लागत नव्हता. महिनाभरात तिथल्या संसदेनं अशा बहुतेक रायफली आणि त्यांचे भागही बंद केले. मतदान ११९ विरुद्ध १.

अशा बातम्या वाचून टेक्सासमधल्या बापाला रात्री झोप लागत नसेल तर त्याला मी कोणत्या तोंडानं हसू? घराच्या रक्षणाचा हक्क आपल्या दीननंही मान्य केलाय. स्वतःचा माल वाचवताना मारला गेलेला माणूस शहीद मानला जातो, असं हदीसमध्ये आलंय. आपल्या भारतीय न्याय संहितेतही खासगी बचावाची कलमं आहेत. अमेरिकेत तर २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेलर खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा घटनात्मक हक्क आहे. घरातली बंदूक सुटी करून किंवा चापाला कुलूप लावून ठेवा, ही वॉशिंग्टन शहराची अटही त्याच निकालानं रद्द झाली.

हक्क आहे, प्रश्नच नाही. पण तो हक्क हातात घेऊन उभं राहिल्यावर समोरच्याला कोण दिसतं? माझा सगळा आक्षेप इथं आहे.

टेक्सासमधलंच फोर्ट वर्थ शहर. १२ ऑक्टोबर २०१९ची मध्यरात्र उलटून गेलेली. २८ वर्षांची एक कृष्णवर्णीय तरुणी घरात आठ वर्षांच्या भाच्याबरोबर व्हिडिओ गेम खेळत होती. पुढचं दार उघडं दिसलं म्हणून शेजाऱ्यानं काळजीपोटी पोलिसांना फोन केला. मागच्या अंगणात खुडबुड ऐकून तिनं पर्समधलं पिस्तूल काढलं आणि ती खिडकीशी गेली. घराचं रक्षण याच्यापेक्षा वेगळं काय असतं? अंगणात पोलीस होता. आपण पोलीस आहोत हे न सांगता त्यानं खिडकीतून गोळी झाडली. ती तिथंच गेली. २०२२ मध्ये त्या पोलिसाला सदोष मनुष्यवधाबद्दल जवळपास बारा वर्षांची शिक्षा झाली. भाच्याला मावशी मिळाली नाही.

दुसरं उदाहरण केंटकी राज्यातल्या लुइव्हिलचं, मार्च २०२० मधलं. पोलीस मध्यरात्रीनंतर दार तोडून आत आले. ब्रिओना टेलरच्या मित्राला वाटलं दरोडेखोर आहेत. त्यानं आपल्या कायदेशीर पिस्तुलातून एक गोळी झाडली. उत्तरादाखल पोलिसांच्या गोळ्यांत टेलर मारली गेली. त्याच्याही आधी २०१६ मध्ये मिनेसोटात फिलँडो कॅस्टिलची गाडी पोलिसानं थांबवली. माझ्याकडं बंदूक आहे, असं त्यानं स्वतःहून सांगितलं होतं. परवाना होता. पोलिसानं त्याला गोळ्या घातल्या आणि पुढच्या वर्षी ज्युरीनं त्या पोलिसाला निर्दोष सोडलं.

कायदा सगळ्यांना एकच आहे, पण बंदूक कुणाच्या हातात आहे यावर तो कसा वाचला जाईल हे ठरतं. हे काही आजचं नाही. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते आपल्या वस्त्यांत पोलिसांवर लक्ष ठेवायला उघड्यावर बंदुका घेऊन फिरू लागले. तोपर्यंत ते कायदेशीर होतं. मग भरलेली बंदूक उघड बाळगण्यावर बंदी घालणारा मल्फर्ड कायदा आला. त्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन, आणि बंदूकधारकांच्या हक्कांसाठी झगडणारी नॅशनल रायफल असोसिएशनही त्या वेळी कायद्याच्या बाजूनं होती.

आता दाढीवाला, सावळा, पहाटे अडीचला हातात रायफल घेऊन दारात उभा असलेला माणूस डोळ्यांपुढं आणा. नुकतीच पोलिसांची गाडी आलीय. त्याचं नाव अरबी आहे, घर त्याचंच आहे, चोर मागच्या दारानं पळून गेलाय. घराचा मालक म्हणून ओळखलं जाण्याची खात्री हा त्या रायफलचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि तो कुरिअरनं येत नाही.

दुसरी बाजूही बघा. १९९२ मध्ये लुइझियानातल्या बॅटन रूज शहरात सोळा वर्षांचा एक जपानी विद्यार्थी हॅलोविनच्या पार्टीला निघाला आणि चुकून भलत्याच घराची बेल वाजवून बसला. घरमालक रिव्हॉल्व्हर घेऊन आला, थांब म्हणून ओरडला. मुलाला नीट कळलं नाही, तो पुढं आला, आणि गेला. ज्युरीनं घरमालकाला निर्दोष ठरवलं. एप्रिल २०२३ मध्ये कॅन्सस सिटीत सोळा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा धाकट्या भावंडांना आणायला गेला, पत्ता चुकला, आणि बेल वाजवल्याबद्दल त्याच्या डोक्यात गोळी बसली. तो वाचला हे त्याचं नशीब. प्रत्येक घरात दाराआड भरलेली बंदूक असावी, या विचाराला आपण हातभार लावतो तेव्हा आपण कायम दाराच्या आतच असू, असं गृहीत धरतो. आपली मुलं दाराबाहेरही असतात. पार्सल पोचवणारी, पत्ता चुकलेली, रमजानमध्ये शेजाऱ्याला इफ्तारीचं ताट द्यायला गेलेली.

आणि घराच्या आत काय? २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीनं ४८,८३० माणसं गेली. त्यांतल्या निम्म्याहून जास्त, २६,३२८, आत्महत्या होत्या. दरोडेखोर त्यात नव्हताच. कॅलिफोर्नियातल्या पिस्तूलधारकांचा मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीनं आत्महत्या करण्याचं प्रमाण इतर पुरुषांच्या जवळपास आठ पट निघालं, बायकांत पस्तीस पट. ही आकडेवारी पिस्तुलांची आहे, रायफलची नाही, हे खरं. खुनांतही रायफलीपेक्षा पिस्तुलं कितीतरी जास्त वापरली जातात. पण नैराश्याच्या रात्री हाताशी काय आहे एवढाच प्रश्न असतो, त्याची जात कोणी बघत नाही. आपल्या लोकांसाठी हे जास्तच बोचरं आहे. २०२१ मध्येच मानसोपचाराच्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, आयुष्यात कधी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं सांगण्याची शक्यता अमेरिकन मुस्लिमांत प्रोटेस्टंट लोकांच्या सुमारे दुप्पट होती. मशिदीत या विषयावर खुतबा होतो का? क्वचित. खुदकुशी हराम आहे, इतकं सांगून विषय संपतो. घरातला विशीतला मुलगा महिनाभर खोलीबाहेर का पडत नाहीये, हे कुणी विचारत नाही.

हत्यार कोणाविरुद्ध वापरावं यावर आपल्याकडं वाद घालणारे खूप. हत्यार सांभाळावं कसं, यावर हदीस काय सांगते ते फार कमी लोक बोलतात. मशिदीतून किंवा बाजारातून तीर घेऊन जाताना त्याचं टोक हातात धरावं, कुणाला ओरखडा जाऊ नये. उघडी तलवार दुसऱ्याच्या हातात देऊ नये. थट्टेतसुद्धा भावाकडं हत्यार रोखू नये. ज्या समाजात रोज लढाया होत होत्या त्यालाच हे सांगितलं गेलं. तिथली चिंता शत्रूची नव्हती, शेजारून जाणाऱ्या आपल्याच माणसाची होती. आजच्या रायफलला हे लावायचं तर तीराचं टोक म्हणजे कुलूप, तिजोरी, आणि वेगळ्या जागी ठेवलेली काडतुसं. यादीत सतरा वस्तू होत्या. कुलूप नव्हतं.

इथले काही मित्र म्हणतील, तिकडची गोष्ट आम्हाला कशाला? आपल्याकडं १९५९चा शस्त्र कायदा आहे, साधा परवाना मिळताना चपला झिजतात, आणि असली अर्धस्वयंचलित रायफल सामान्य माणसाला परवान्यावरही मिळत नाही. बरोबर. पण घराचं रक्षण या प्रश्नाचं एक उत्तर आपल्याकडंही दिलं गेलंय, तेही खूप किंमत मोजून. भिवंडीनं १९७० आणि १९८४च्या दंगली भोगल्या. १९८८ पासून तिथं सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्यानं मोहल्ला कमिट्या बांधल्या. हिंदू आणि मुसलमान शेजारी एकत्र, बरोबर बीटचा पोलीस, नियमित बैठका, गटार आणि भांडणापासून अफवेपर्यंत सगळ्यावर बोलणं. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. चॅपेल हिलचा मारेकरीही ओळखीचाच शेजारी होता, त्यामुळं ओळख म्हणजे कवच असं मी म्हणत नाही. पण भिवंडीत पोलिसाला मोहल्ला माहीत होता आणि मोहल्ल्याला पोलीस. फोर्ट वर्थच्या अंगणात नेमकं तेच नव्हतं.

म्हणून माझं मत: रायफल घेऊ नये. ते पैसे भक्कम दार, चांगलं कुलूप, बाहेरचा दिवा आणि कॅमेरा यांत घालावेत, आणि मशिदीच्या कमिटीनं स्थानिक पोलीस ठाण्यातल्या लोकांना वर्षातून एकदा ईदच्या शीरखुर्म्यापुरतं नाही तर वारंवार भेटावं. तरीही ज्याचा निर्णय झालाच असेल त्यानं नळी आणि दुर्बिणीच्या आधी तिजोरी घ्यावी. घरात कुणी उदास असेल, तलाक किंवा नोकरी गेल्याचा धक्का असेल, तर ती वेळ निघून जाईपर्यंत हत्यार घराबाहेर ठेवावं. बंदुकीला लावायचं तारेचं कुलूप तिकडं बऱ्याच पोलीस ठाण्यांत फुकट मिळतं. जुम्यानंतर चंद्याची घोषणा होते, तिथंच ही एक घोषणा करायला अर्धं मिनिट लागेल.