तीन किलो संत्री कुठे गेली?



सौंसर-पांढुर्णा भागात संत्र्याचा हिशेब लहान मुलालाही कळतो, म्हणून उदाहरण तेथलेच घेऊ. 7 क्रेटमध्ये 150 किलो संत्री भरली. एका क्रेटचे सरासरी वजन काढणारे फंक्शन 'सी' भाषेत लिहिले. वजन 'इंट', क्रेट 'इंट' आणि फंक्शनचा रिटर्न टाइपही 'इंट'. उत्तर मात्र 'फ्लोट' व्हेरिएबलमध्ये घेतले. पडद्यावर 21.000000 दिसते. 21 ला 7 ने गुणले की 147 होतात. मग 3 किलो संत्री गेली कुठे?

पुष्कळ विद्यार्थी फक्त उत्तराच्या व्हेरिएबलचा प्रकार बदलतात. पण अपूर्णांक फंक्शनच्या आतच गळालेला असतो. बाहेर मोठे भांडे ठेवून तो परत येत नाही. म्हणून दुरुस्ती आतून बाहेर करावी. आधी भागाकारातली एक संख्या 'फ्लोट' करावी, कारण दोन 'इंट'चा भागाकार 'इंट'च येतो. मग रिटर्न टाइप, मग उत्तराचे व्हेरिएबल, शेवटी 'प्रिंटएफ'मधले चिन्ह. यातला एक टप्पा जरी सुटला तरी उत्तर चुकते. चारही जुळले की 21.43 च्या जवळचे खरे उत्तर मिळते.

'गेटचार'चेही असेच आहे. नाव अक्षराचे, पण ते 'इंट' परत करते. कारण सगळ्या अक्षरांखेरीज 'फाइल संपली' ही वेगळी खूणही त्याला द्यायची असते. उत्तर 'कॅर'मध्ये घेतले तर काही संगणकांवर लूप संपतच नाही.

4 जून 1996 रोजी युरोपचे एरियान 5 रॉकेट उड्डाणानंतर सुमारे 40 सेकंदांत नष्ट झाले. तेथली भाषा 'एडा' होती, पण चूक याच जातीची: 64 बिटांची दशांश संख्या 16 बिटांच्या पूर्णांकात बसवायला गेले.

'जीसीसी 14' या 2024 च्या कंपायलरने प्रकारांच्या काही चुका थेट एरर ठरवल्या. पण 'इंट'-'फ्लोट'ची अदलाबदल भाषेला मान्य असल्याने आमच्या संत्र्यांबद्दल तो गप्पच राहतो. म्हणून ही सवय शाळेतच लागली पाहिजे. आमची शिक्षकांना विनंती आहे की, प्रात्यक्षिकात केवळ पडद्यावरच्या उत्तराला गुण देऊ नयेत, फंक्शनच्या पहिल्या ओळीलाही द्यावेत. तपासणीला 140 आणि 7 अशा निःशेष भाग जाणाऱ्या संख्या घेऊ नयेत, कारण त्यांत चूक झाकली जाते. आणि मुलांनो, 'रन झाला' म्हणजे 'बरोबर आला' असे समजू नका. हिशेब उलटा करून पाहा.