बूम हाती, उमेदवारी कुठे?

पदवी परीक्षांचे निकाल लागले की दरवर्षी पत्रकारितेच्या अभ्यासक्रमांकडे अनेक तरुणांची पावले वळतात. त्यांतील बहुतेकांच्या डोळ्यांसमोर असतो तो दूरचित्रवाणीचा झगमगता स्टुडिओ आणि वाहिनीचे बोधचिन्ह मिरवणारा बूम. या आकांक्षेत गैर काही नाही. मात्र या क्षेत्राचे प्रवेशद्वार जसजसे रुंद होत गेले, तसतशी आतली शिकण्याची जागा आकसत गेली आहे. प्रश्न केवळ या तरुणांच्या कारकीर्दीचा नाही. घराघरांत पोहोचणाऱ्या बातमीच्या विश्वासार्हतेचाही आहे.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा बातमीपत्रे मोजकी होती आणि निवेदकांची गरजही मोजकीच होती. भक्ती बर्वे, स्मिता पाटील, पुढे प्रदीप भिडे यांनी वृत्तनिवेदनाला प्रतिष्ठा मिळवून दिली ती आवाज, स्वच्छ उच्चार आणि भाषेची जाण यांच्या बळावर. सरकारी माध्यमाच्या मर्यादा अर्थातच होत्या. सत्तेला अडचणीचे ठरतील असे प्रश्न विचारण्याची मोकळीक तेथे नव्हती. तरीही पडद्यावर येण्यापूर्वी काही कसोट्या पार कराव्या लागतात, एवढे भान त्या व्यवस्थेत होते.

डिसेंबर २००० मध्ये ‘आज तक’ ही हिंदी वाहिनी सुरू झाली आणि चोवीस तास बातम्यांचे पर्व रुळले. मराठीत २००७ मध्ये ‘झी २४ तास’ आणि ‘स्टार माझा’ (आजचे ‘एबीपी माझा’), तर २००८ मध्ये ‘आयबीएन-लोकमत’ (आजचे ‘न्यूज १८ लोकमत’) आले. बातमी चोवीस तास दाखवायची तर माणसेही तितकीच लागणार. रोजगाराचे एक नवे दालन खुले झाले. या वाहिन्यांच्या पहिल्या फळीत वृत्तपत्रांतून आलेले पत्रकार होते. ‘आयबीएन-लोकमत’चे पहिले संपादक निखिल वागळे ‘आपलं महानगर’मधून आले होते. लिखित बातमीचे संस्कार घेऊन ही पिढी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. नंतर आलेल्यांच्या वाट्याला ही उमेदवारी क्वचितच आली.

आज नवखा तरुण प्रथम डेस्कवर बसतो. बाइट कापणे, टिकरच्या ओळी लिहिणे, समाजमाध्यमांवरील चित्रफिती धुंडाळणे हे त्याचे काम. मग एके दिवशी हाती बूम येतो आणि एखाद्या नेत्याच्या बंगल्याबाहेर दिवस काढण्याची कामगिरी मिळते. वृत्तपत्रात वार्ताहराची चूक उपसंपादक पकडू शकतो. थेट प्रक्षेपणात वार्ताहर आणि प्रेक्षक यांच्यामध्ये कोणीही नसते. नेमके जेथे अनुभवाची सर्वाधिक गरज, तेथेच अननुभवी माणूस उभा केला जातो.

याची किंमत किती मोठी असू शकते, हे २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात दिसले. सुरक्षा दलांच्या हालचाली थेट दाखवणाऱ्या वाहिन्यांवर सर्वोच्च न्यायालयाने कसाब खटल्याच्या २०१२ मधील निकालात कठोर ताशेरे ओढले. दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर २०१५ मध्ये नियमाने निर्बंध आले. तो दोष एकट्या वार्ताहरांचा नव्हता. स्पर्धेच्या धुंदीत थांबण्याचा निर्णय घेणारे संपादकीय शहाणपण तेव्हा अपुरे पडले. काय दाखवू नये, हे ना अभ्यासक्रमाच्या पुस्तकातून पुरते कळते, ना पहिल्याच महिन्यात.

दुसरी बाजू उपजीविकेची. श्रमिक पत्रकारांसाठीचा १९५५ चा कायदा आणि त्याखालील वेतन मंडळे वृत्तपत्रे व वृत्तसंस्थांपुरती होती. दूरचित्रवाणीतील पत्रकार त्या छत्राबाहेर राहिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांनी इलेक्ट्रॉनिक व डिजिटल माध्यमांतील पत्रकारांनाही व्याख्येत सामावून घेतले, ही स्वागतार्ह बाब. परंतु तालुक्याच्या गावी बातमीगणिक मोबदल्यावर राबणाऱ्या स्ट्रिंगरच्या पदरात त्यातून काय पडेल, हा प्रश्न उरतोच. ज्याचे पोट बातम्यांच्या संख्येवर अवलंबून, त्याच्याकडून सखोल शोधाची अपेक्षा कशी करावी?

त्यातच यंत्राने निवेदकाच्या खुर्चीवर हक्क सांगितला आहे. मे २०२४ मध्ये ‘डीडी किसान’ने ‘क्रिश’ आणि ‘भूमी’ हे कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित निवेदक पडद्यावर आणले. लिहिलेले न अडखळता वाचणे हे कौशल्य यापुढे दुर्मीळ राहणार नाही. यंत्राला जमणार नाही ते निराळेच आहे. दुष्काळी गावात टँकर कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती हे पाहणे, जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प वाचणे, माहिती अधिकाराचा अर्ज नेमका लिहिणे, न्यायालयाचा आदेश मुळातून समजून घेणे, शोकाकुल कुटुंबापुढे बूम केव्हा खाली घ्यावा हे ओळखणे.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांनी म्हणूनच खुर्चीपेक्षा जिल्ह्याची वाट आधी धरणे हिताचे. आणि वाहिन्यांनीही नवागताला थेट प्रक्षेपणात ढकलण्यापूर्वी काही महिने अनुभवी वार्ताहराच्या हाताखाली द्यावेत. त्यासाठी थोडा वेळ आणि थोडा पैसा लागेल. तो वाचवण्याच्या नादात जे गमावले जाते, ते प्रेक्षकाचा विश्वास असते; आणि तो कोणत्याही मानांकनाच्या आकड्याने परत मिळवता येत नाही.