चौघांपैकी आपला कोण?

अहिल्यानगरच्या सावेडीतल्या एखाद्या कॉलनीत भल्या सकाळी जलवाहिनी फुटते. पाणी रस्त्यावरून वाहू लागते आणि घरोघरी एकच प्रश्न पडतो, फोन कुणाला करायचा? पहिले नगरसेवक म्हणतात, 'तो भाग माझ्याकडे नाही.' दुसरे फोन उचलत नाहीत. तिसऱ्या नगरसेविकेच्या नंबरावर त्यांचे पती बोलतात आणि 'बघतो' म्हणतात. चौथ्याचे नाव कुणालाच आठवत नाही. तोवर नळाची वेळ टळून जाते.

हे चित्र नगरकरांना नवे नाही. अहिल्यानगर महापालिकेत १७ प्रभाग आणि ६८ नगरसेवक, म्हणजे एका प्रभागात चौघे. १५ जानेवारी २०२६ रोजी बहुतेक मतदारांनी अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चारदा बटण दाबले. मतदान केंद्राबाहेर आल्यावर त्यांतली चारही नावे किती जणांना सांगता आली असती? चिन्ह लक्षात राहिले, माणूस राहिला नाही.

दोष एकट्या मतदाराचा नाही. राज्यातील महापालिकांत २००७ मध्ये एका वॉर्डाला एक नगरसेवक होता, २०१२ मध्ये दोन झाले, २०१७ मध्ये चार. महाविकास आघाडीने तीनचा घाट घातला, नंतरच्या सरकारने पुन्हा चार केले. पॅनेल निवडून आणणे पक्षांना सोयीचे; मतदाराची सोय कुणी पाहिली? मुंबईत मात्र आजही एका प्रभागाला एकच नगरसेवक आहे. मुंबईकराला एक पुरतो, तर नगरकराला चार कशाला, याचे पटणारे उत्तर कुठल्याही सरकारने दिलेले नाही. श्रेय घ्यायला चौघे पुढे आणि जाब विचारला की चौघेही मागे, असा हा बारभाईचा कारभार आहे.

जाब विचारता आला नाही की काय होते, हे याच शहराने पाहिले आहे. २०१८ मध्ये महापालिका निवडणुकीत सर्वाधिक २४ जागा शिवसेनेला मिळाल्या, पण महापौर झाला १४ जागांच्या भाजपचा, तोही राष्ट्रवादीच्या पाठिंब्यावर. आपले मत कुठून कुठे गेले, हे विचारायला मतदाराने कुणाचे दार ठोठावायचे होते? पुढे डिसेंबर २०२३ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि दोन वर्षे प्रशासकाचे राज्य चालले. तेव्हा तर विचारायला दारच उरले नव्हते.

याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो. पाऊस कमी झाला, तर कोणती पिके घ्यायची हे गाव एकत्र बसून ठरवते. तिथे कारभारी चेहऱ्याने ओळखीचा असतो आणि सर्वांसमोर बसलेला असतो. शहरांतही असे व्हावे म्हणून २००९ मध्ये क्षेत्रसभांची तरतूद कायद्यात आली. ती बहुतांशी कागदावरच राहिली.

सरकार प्रभागरचना बदलेल तेव्हा बदलेल. तोवर थांबायचे कारण नाही. प्रत्येक प्रभागातील चौघांनी आपापला भाग लेखी वाटून घ्यावा आणि महापालिकेने ती वाटणी जाहीर करावी. सावेडी, माळीवाडा, झेंडीगेट आणि बुरूडगाव या प्रभाग कार्यालयांच्या दारावर नाव, भाग आणि फोन नंबर लिहिलेला फलक लागावा. ६८ पैकी ३४ जागा महिलांच्या आहेत. त्या फलकावरचा नंबर नगरसेविकेचाच असावा, 'साहेबां'चा नव्हे. वर्षातून निदान दोनदा चौघांनी एका मांडवात बसून लोकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. याला खर्च फारसा नाही, इच्छा मात्र लागते.

नागरिकांचेही काम आहेच. आपल्या प्रभागाचा क्रमांक आणि चार नावे घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या वेळी जलवाहिनी फुटली की चौघांनाही फोन करा आणि कोण आले, तेही तिथेच लिहा. पाच वर्षांनी मत मागायला कुणी दारात आले, की ते कॅलेंडर त्याच्यापुढे धरा.