डिपॉझिटमधून कापलेली ‘विशेष सफाई’

शिकून शहरात आलेल्या आपल्या पोरापोरींचा पहिला मोठा पैसा कुठे जातो? घराच्या डिपॉझिटमध्ये. बंगळुरूत दहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागायची जुनी रीत आहे. हल्ली काही ठिकाणी पाच-सहा महिन्यांवर भागतं. नोकरीच्या पहिल्या महिन्यात एवढी रक्कम आपल्याकडे नसते. आई बचत गटातून उचलते, मामा थोडे देतो, कुणाचं तरी डोरलं गहाण पडतं. घर सोडताना याच पैशाला कात्री लागते आणि आपल्यातले बहुतेक जण गप्प बसतात.

माझा हिशेब सांगतो. बंगळुरूत १६,००० रुपये भाड्याच्या घरात मी तीन वर्षं राहिलो. डिपॉझिट ९६,०००. महिनाभर आधी नोटीस दिली, वीजबिल भरलं, किल्ल्या दिल्या. आठवड्याने व्हॉट्सअ‍ॅपवर यादी आली: रंगकाम १६,०००, नळ आणि गीझर दुरुस्ती ६,०००, स्वयंपाकघराची विशेष सफाई ९,०००. म्हणजे ३१,००० कापून ६५,००० परत.

विशेष सफाई म्हणजे काय, हे मी फोन करून विचारलं. तुम्ही लोक जे शिजवता त्याचा वास भिंतीत बसतो, असं उत्तर मिळालं. घर देताना या गृहस्थांनी आधी गाव विचारलं होतं, मग पूर्ण नाव, मग खाणं. मी सगळं खरं सांगितलं होतं. मटण-मासे शिजवायला करारात मनाई नव्हती, आणि छत्तीस महिने भाडं घेताना त्यांना वास आला नव्हता. जातीचा शब्द मात्र कुणी एकदाही उच्चारला नाही. १९२७ साली आपल्या माणसांनी पाणी घेतल्यावर महाडचं चवदार तळं शेण-गोमूत्राने शुद्ध करून घेतलं गेलं. त्याचं बिल तरी कुणी आपल्याला पाठवलं नव्हतं.

गप्प बसण्याची कारणं मला ठाऊक आहेत. पुढचा मालक जुन्या मालकाचा नंबर मागतो. शिवाय घर मिळेपर्यंत इतके नकार पचवलेले असतात की निघताना भांडायचं बळ उरत नाही. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. दलित आणि मुस्लीम भाडेकरूंना नकार मिळतो, आणि घर मिळालंच तर वेगळ्या अटी लावल्या जातात, हे त्यात नोंदलं आहे. (बडोद्याची गोष्ट आपण सगळ्यांनी वाचलेली आहे, ती पुन्हा सांगत नाही.) नकाराबद्दल आपण बोलतो, लिहितो. घरात घेऊन मग निघताना केलेल्या वसुलीबद्दल फारसं बोलत नाही.

आणखी एक कारण आहे. माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचंही त्याच वर्षी असंच डिपॉझिट कापलं. त्याने संध्याकाळी वडिलांना फोन लावला. वडील बँकेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, बिलं माग, लेखी माग. विषय संपला. माझ्या वडिलांनी आयुष्यात भाडेकरार पाहिलेला नाही. त्यांना फोन केला असता तर ते म्हणाले असते, जाऊ दे बाळा, मोठ्या माणसांशी वाद नको. असा सल्ला देणारं माणूस घरात असणं हीसुद्धा वारशाने मिळणारी मालमत्ताच आहे.

तर ते वडील जे सांगतात ते इथे लिहून ठेवतो. डिपॉझिट आपलं असतं, मालकाकडे फक्त ठेवलेलं असतं. कापायचं असेल तर कारण आणि पुरावा त्याने द्यायचा. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०८ प्रमाणे भाडेकरूने घर मिळालं तसं परत द्यायचं, पण वापराने होणारी साधारण झीज सोडून. फिकट झालेला रंग, खिळ्याचं भोक ही झीज. मात्र करारात वेगळं लिहिलं असेल तर तो करार चालतो. माझ्या करारात रंगासाठी एक महिन्याचं भाडं असं कलम होतं, त्यामुळे ते १६,००० मी भांडणात घेतलेच नाहीत. सही करण्याआधी ही ओळ शोधा आणि खोडून मागा. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांचंच डिपॉझिट आहे, पण तो प्रत्येक राज्याने स्वीकारावा लागतो. तामिळनाडूच्या कायद्यात तीन महिन्यांची मर्यादा आहे. पुण्या-मुंबईत असाल तर महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ वाचा: करार लेखी आणि नोंदणीकृत करणं ही मालकाची जबाबदारी आहे. ती त्याने पाळली नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं.

मी फोन बंद केले आणि ईमेल लिहिला. प्रत्येक दुरुस्तीचं बिल, तारीख आणि फोटो पंधरा दिवसांत पाठवा. सोबत घरात शिरलो त्या दिवशीचा आणि किल्ल्या दिल्या त्या दिवशीचा व्हिडिओ जोडला, आणि गीझर मीच आदल्या वर्षी दुरुस्त केल्याची पावतीही. सफाईबद्दल एकच प्रश्न विचारला: नेमकं काय साफ केलं आणि का, हे कृपया लेखी कळवा. फोनवर सहज बोललेलं ते वाक्य कागदावर मात्र आलं नाही. दुसऱ्या ईमेलमध्ये विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करतो आहे, असं कळवल्यावर खात्यात १२,८०० जमा झाले. सफाईचे ९,००० पूर्ण, दुरुस्तीचे ३,८००. नळाचं २,२०० चं बिल त्यांनी पाठवलं होतं, ते योग्य होतं, मी मान्य केलं.

प्रत्येकाचे पैसे दोन ईमेलवर येतील असं नाही. पैसे अडकलेच तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ लक्षात ठेवा. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही जातीच्या स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे, ती राज्यागणिक बदलते. दावा लावण्याआधीही प्रकरण लोक अदालतीत नेता येतं. कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं, हेल्पलाइन १५१००. जाताना करार, डिपॉझिट भरल्याचं बँक स्टेटमेंट, कपातीची यादी आणि जातीचा दाखला सोबत न्या. पैसे मागण्याचा दावा साधारण तीन वर्षांच्या आत लावावा लागतो, त्यामुळे गेल्या वर्षी सोडलेल्या घराचा हिशेबसुद्धा अजून मागता येईल.