नमुना-स्क्रिप्टचा रकाना

ओपन-सोर्स पॅकेजबरोबर येणारी नमुना-स्क्रिप्ट प्रॉडक्शन सर्व्हरवर असावी की नसावी, हे ती कुठे उतरते आणि तिथून तिला कोण चालवू शकते यावर ठरते. डॉक्युमेंट रूटखाली किंवा सीजीआय डिरेक्टरीत ती नकोच. 1996 मध्ये गाजलेली पीएचएफ ही टेलिफोन डिरेक्टरी धुंडाळणारी नमुना-स्क्रिप्ट एनसीएसए आणि अपाची सर्व्हरसोबतच यायची, आणि तिच्यातून बाहेरच्या कुणालाही सर्व्हरवर हवी ती कमांड चालवता यायची. टॉमकॅटचे स्वतःचे डॉक्युमेंटेशनही सुरक्षितता महत्त्वाची असेल तिथून ‘एक्झाम्पल्स’ अ‍ॅप काढायलाच सांगते. यात वादाला जागा नाही.

डेबियनचे प्रकरण अधिक शिकण्यासारखे आहे. तिथे नमुने ‘यूएसआर-शेअर-डॉक’खाली जातात, वाचण्यासाठी. पण अपाचीच्या मूळ कॉन्फिगरेशनने हीच डिरेक्टरी ‘/डॉक’ या यूआरएलला जोडली होती. प्रवेश फक्त लोकलहोस्टला, म्हणून कुणाला फारसे खटकले नाही. मात्र त्याच मशीनवर पुढे प्रॉक्सी बसवली, की बाहेरची विनंतीही लोकलहोस्टवरून आल्यासारखी दिसते. सोबत मॉड-पीएचपी असेल तर वाचायला ठेवलेली स्क्रिप्ट चालू लागते. 2012 मध्ये डेबियनने सुरक्षा-सूचना काढून ती जोडणी कॉन्फिगरेशनमधून काढली. नमुने जागच्या जागी राहिले.

वाचायला ठेवलेली फाइल आणि वेबवरून चालवता येणारी फाइल यांतला हा फरक सुरक्षा-ऑडिटच्या तक्त्याला कळत नाही, आणि वाचकांनी कळवलेल्या तक्रारी त्याबद्दलच आहेत. ‘सॅम्पल फाइल्स काढल्या: होय/नाही’ एवढाच रकाना असतो. ऑडिटर ‘एक्झाम्पल्स’ नावाची डिरेक्टरी शोधतो, अ‍ॅडमिन ‘आरएम’ चालवतो, स्क्रीनशॉट जोडला जातो, फाइंडिंग बंद होते. या फाइली डेबियनच्या डीपीकेजी या पॅकेज मॅनेजरच्या लेखी कॉन्फ-फाइल नसल्यामुळे पॅकेज अपग्रेड झाले की सगळ्या परत हजर. पुढच्या वर्षी तेच फाइंडिंग, तोच स्क्रीनशॉट. दरम्यान वेबवरून उघडी पडलेली, पीएचपीच्या कंपोझरची ‘व्हेंडर’ डिरेक्टरी कुणी बघत नाही, कारण तिच्या नावात ‘सॅम्पल’ नाही. तिथेच पीएचपीयुनिट या चाचणी-साधनाची ‘इव्हॅल-एसटीडीइन’ फाइल असू शकते. 2017 मध्ये जाहीर झालेल्या त्रुटीनुसार तिच्या जुन्या आवृत्त्या पोस्ट विनंतीतून आलेला पीएचपी कोड थेट चालवतात. कंपोझर ‘नो-डेव्ह’ पर्यायाने चालवला असता तर ती फाइल आलीच नसती.

नमुने नकोच असतील तर ते पॅकेज मॅनेजरकडूनच अडवावेत: डीपीकेजीत ‘पाथ-एक्स्क्लूड’ (कॉपीराइट फाइली वगळू नयेत), डीएनएफमध्ये ‘नोडॉक्स’, फ्रीबीएसडी पोर्ट्समध्ये ‘एक्झाम्पल्स’ हा पर्याय बंद. यांतला शेवटचा उपाय पोर्ट स्वतः बिल्ड करणाऱ्यांनाच लागू; तयार बायनरी पॅकेज मूळ पर्यायांनीच बांधलेले असते.

डेव्हलपमेंट मशीनवर मात्र नमुने असू द्यावेत. डेबियनवर ओपनव्हीपीएनचे नमुना-कॉन्फिगरेशन त्याच डॉक डिरेक्टरीत असते. कंटेनर इमेजमधून ती छाटली, की नवखा माणूस कुठल्यातरी अनोळखी पानावरून कॉन्फिगरेशन उचलतो. तो धोका कुठल्याच तक्त्यात नाही.

अ‍ॅडमिन मंडळींनी आता स्क्रीनशॉट पाठवणे थांबवावे. पुढच्या ऑडिटच्या आधीच लेखी कळवून रकाना बदलून घ्यावा: ‘वेबवरून पोहोचता येणाऱ्या नमुना व चाचणी फाइली कोणत्या?’