मॉड्यूल मागवण्याआधी केबल वाचा

कॉलेज, कारखाना, रुग्णालय, सहकारी बँक, कुठेही दोन इमारतींमधली फायबर लिंक १ गिगाबिटवरून १० वर न्यायची असेल, तर ती सांभाळणाऱ्यांना कळकळीची विनंती: ऑर्डर देण्याआधी केबलच्या आवरणावर काय छापलंय ते वाचा आणि तिची लांबी मोजून घ्या.

फसगत बहुधा इथेच होते. जुन्या इमारतींत नारिंगी मल्टिमोड केबल असते. तिच्यावर १ गिगाबिटचं एसएक्स मॉड्यूल दोनशे मीटरपर्यंत बिनतक्रार चाललेलं असतं. त्याच भरवशावर १० गिगाबिटचं एसआर लावलं, की लिंक येत नाही, किंवा येते आणि सारखी पडते. मॉड्यूल सदोष नसतं. एसआरचा पल्ला केबलच्या प्रकारावर ठरतो: ओएम१ केबलवर ३३ मीटर, ओएम२ वर ८२ आणि ओएम३ वर ३०० मीटर आहे. मल्टिमोडच्या रुंद गाभ्यातून प्रकाश अनेक वाटांनी जातो, थोडा मागेपुढे पोचतो. वेग वाढला की प्रकाशाचे स्पंद एकमेकांत मिसळतात. जुन्या मल्टिमोडवर एलआरएम मॉड्यूल २२० मीटरपर्यंत चालतं, पण तुमच्या स्विचचा पोर्ट ते घेतो का, हे आधी तपासा. नवी केबल टाकणारच असाल तर सिंगल मोडच टाका. खरा खर्च खोदाईचा असतो, आणि तो पुन्हा करावा लागू नये. सिंगल मोडवर एलआर मॉड्यूल १० किलोमीटर जातं.

जास्त पल्ल्याचं ते जास्त चांगलं, असं मात्र समजू नका. ४० किलोमीटरचं ईआर जवळच्या अंतरावर थेट जोडलं, तर समोरच्या रिसीव्हरला तो प्रकाश झेपत नाही. मध्ये अ‍ॅटेन्युएटर लागतो.

दोन्ही टोकांचा वेग आणि तरंगलांबी जुळली पाहिजे, कंपनी एकच नसली तरी चालतं. अपवाद एकाच तंतूवर चालणाऱ्या बायडीचा, ते जोडीनेच घ्या: एक १२७० नॅनोमीटरवर पाठवणारं, दुसरं १३३० वर. शिवाय काही स्विच परक्या कंपनीचं मॉड्यूल नाकारतात. म्हणून विक्रेत्याला दोन्ही स्विचचे मॉडेल नंबर द्या आणि चाललं नाही तर परत घेण्याची हमी लेखी मागा.

हिरवा कनेक्टर निळ्याला जोडू नका. जोडण्याआधी टोकं पुसा. चालू फायबरमध्ये कधीही डोकावू नका, तो प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो. लिंक लागली की दोन्ही बाजूंना किती प्रकाश पोचतोय ते स्विचवर पाहून तारखेसह लिहून ठेवा.